'मार्गदर्शन लाभले' या एका ओळीबद्दल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की आपल्या दैनिकाचे जिल्ह्याचे पान मी खालून वर वाचतो. वर संघाचा फोटो असतो, त्याखाली निकाल आणि मुलांची नावे, आणि शेवटी दोन ठरलेल्या ओळी. 'यशस्वी खेळाडूंना अमुक यांचे मार्गदर्शन लाभले. त्यांच्या यशाबद्दल संस्थेचे अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक, शिक्षक व शिक्षकेतर कर्मचारी यांनी अभिनंदन केले.' मला त्यातल्या पहिल्या ओळीबद्दल लिहायचे आहे. त्या ओळीत माझे नाव आजवर अकरा वेळा छापून आले. त्या अकरांपैकी नऊ वेळा मी त्या मुलांबरोबर जेमतेम तीन महिने होतो. तीन महिन्यांत फार तर नियम आणि दोन चाली सांगून होतात. पत्र लांबले तर आपण जरूर कापावे, पण शेवटी चावीबद्दल लिहिले आहे तेवढे राहू द्यावे, ही विनंती.

मी साताऱ्याचा. वय ५२. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९९० ते २००६ अशी सोळा वर्षे मी बास्केटबॉल खेळलो आणि त्यात नऊ संघांच्या जर्सी घातल्या. उंची पाच फूट सात इंच, म्हणून कायम पॉइंट गार्ड; बॉल वर न्यायचा आणि योग्य माणसाला द्यायचा, हे काम. राज्याच्या शिबिरापर्यंत दोनदा पोहोचलो, शेवटच्या बाराजणांत नाव आले नाही. कोणाच्या घरात माझा फोटो नाही. पण खेळून मला जे मिळाले ते मी आज मुलांना देऊ शकतो, आणि ते कुठून आले हे सांगितल्याशिवाय माझे म्हणणे पटणार नाही.

सुरुवात शाळेतली, १९८५ सालची. दोन लोखंडी खांब, पावसाने फुगलेले लाकडी बोर्ड, नेट नावाला. एक रबरी बॉल, त्यात सायकलच्या पंपाने हवा भरायची. पीटीचे सर खेळ शिकवत. मी वर्गात सगळ्यांत बुटका, त्यामुळे दोन वर्षे बेंचवरच होतो. पण सरांच्या बेंचवर नुसते बसता येत नसे. ते राखीव मुलांना आपल्या दोन्ही बाजूंना बसवत आणि एकच सांगत, "बसलायस तर बघ. बघतोयस तर सांग." मग सामना चालू असताना विचारत, "आता बॉल कुणाकडं जाणार?" चुकले तर पुन्हा बघायचे. लागोपाठ तीन वेळा बरोबर सांगितले की, पाठीवर थाप मारून मैदानात पाठवत. बाकीची मुले मैदानात धावत होती तेव्हा मी डोळ्यांनी खेळत होतो. हे शिक्षण होते हे मला वीस वर्षांनी कळले.

कॉलेजचा संघ झाला, शिवाजी विद्यापीठाचा झाला, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा झाल्या. मग पुण्यात एका क्लबकडून खेळलो. आणि १९९४ पासून माझी खरी भटकंती सुरू झाली. निमंत्रित स्पर्धांमध्ये संघ बाहेरून गेस्ट प्लेअर घेतात. कोणाचा गार्ड आजारी पडला, कोणाला परीक्षा आली, की कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवाल्याकडे माझ्यासाठी फोन येई. "शुक्रवारी रात्री निघा." मग माहुलीच्या स्टेशनवर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची, नाहीतर पोवई नाक्यावरून मिळेल ती लाल गाडी. इचलकरंजी, सोलापूर, बेळगाव, मडगाव. जाण्यायेण्याचे भाडे, दोन वेळचे जेवण, आणि फायनलला गेलो तर पाकिटात पाचशे रुपये. झोपायला शाळेचा वर्ग, चार बाके जोडून.

त्या वर्गांमध्ये माझे शिक्षण झाले. सकाळी सातला पोहोचायचे आणि दहाला सामना. समोर दहा अनोळखी पोरे. अर्ध्या तासात फळ्यावर खडूने त्यांच्या चाली समजून घ्यायच्या आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे माणसे समजून घ्यायची. सोलापूरचा एक डावखुरा होता, त्याला बॉल छातीवर दिला की तो थबके. तोच बॉल एक टप्पा देऊन त्याच्या डाव्या गुडघ्याजवळ आला की सरळ रिंगकडे जाई. बेळगावचा एक उंच सेंटर होता, त्याला पास उशिरा मिळाला की तो चिडे आणि मग फाउल करी. त्याला पहिल्या पाच मिनिटांत दोन सोप्या बास्केट मिळवून दिल्या की दिवसभर शांत. कोणाला ओरडून सांगावे लागे, कोणाच्या कानात. हे मला कोणत्याही पुस्तकात मिळाले नसते. एका संघात दहा वर्षे खेळलेल्या चांगल्या खेळाडूलाही ते मिळत नाही, कारण त्याचे साथीदार त्याला ओळखून असतात आणि तोही त्यांना. मला दर पंधरा दिवसांनी नवी माणसे ओळखावी लागत.

आणि प्रशिक्षक! नऊ संघांचे नऊ. एक लष्करातून निवृत्त झालेले होते. ते पहिला आठवडा बॉलला हात लावू देत नसत, नुसता पायांचा सराव. एकजण कायम झोन डिफेन्स लावायचे, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायची, दुसऱ्यांना झोन हा शब्दही चालत नसे. एक इतके अबोल होते की टाइमआउटच्या मिनिटात पाण्याची बाटली पुढे करत आणि फक्त एका मुलाकडे बघत. ज्याच्याकडे बघितले त्याला आपली चूक कळलेली असे. प्रत्येकाकडून काही घेतले. प्रत्येकाचे काही सोडले.

१९९६ मध्ये मुंबईत एका कंपनीच्या संघात कंत्राटावर लागलो. दिवसा स्टोअरमध्ये काम, संध्याकाळी सराव. पुढच्या वर्षी कायम करू, असे पाच वर्षे सांगितले गेले. त्या काळात मी नागपाड्याला खूप जायचो. ज्यांनी ते मैदान पाहिलेले नाही त्यांना कसे सांगू? चारी बाजूंनी घरे, मध्ये कोर्ट, आणि फळवाल्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना ट्रॅव्हलिंग (बॉल हातात धरून जादा पावले टाकण्याची चूक) म्हणजे काय ते ठाऊक. १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळवणारे अब्बास मुंतसिर याच वस्तीतले. तिथे मी पाहिले की नोकरीवरून आलेला माजी खेळाडू पायातले बूट बदलतो आणि दहा वर्षांच्या पोरांची रांग लावतो. रोज. पावसाळा असो, रमजान असो. त्या पोरांना कोणी तरी रोज येणार आहे, ही खात्री असते. साताऱ्यात ही खात्री मी फक्त एका ठिकाणी पाहिली होती, कुस्तीच्या तालमीत. त्याबद्दल पुढे लिहितो.

२००० साली खेळाचे नियम बदलले. त्याआधी वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असत, ते जाऊन दहा-दहा मिनिटांचे चार झाले. बास्केटवर बॉल मारायला ३० सेकंद मिळत, त्याचे २४ झाले. अर्धे मैदान ओलांडायला दहाच्या जागी आठ सेकंद. ऐकायला सहा सेकंदांचा फरक, पण माझ्यासारख्या गार्डचा अख्खा खेळ त्या सहा सेकंदांत होता. मी बॉल सावकाश वर आणायचो, सगळ्यांना जागेवर लावायचो, मग चाल सुरू. आता ते लावेपर्यंत वेळ संपायची. वय २७. तीन महिने मी संघाच्या आधी तासभर येऊन एकटा पळत बॉल आणायचा सराव केला, तोंडाने सेकंद मोजत. जिल्ह्याच्या सामन्यांत तर घड्याळच नसे, टेबलावरचा एकजण स्टॉपवॉच बघून ओरडायचा. सवय मोडून नवी लावताना शरीर किती नकार देते, हे मी तेव्हा अनुभवले. आज एखादे मूल महिनाभर तीच चूक करते, तेव्हा मला राग येत नाही तो त्यामुळे.

२००१ मध्ये कंपनीने संघ बंद केला. तीन ओळींचे पत्र आले. मी परत आलो, एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागलो, आजही तिथेच आहे. खेळणे पूर्ण सुटले नव्हते, डावा गुडघा दुखत असूनही फोन आला की जायचो.

२००६ ची गोष्ट. कोल्हापुरातली एक निमंत्रित स्पर्धा, उपांत्य सामना. मी ३३ वर्षांचा, पहिल्या पाचांत नव्हतो. बेंचवर माझ्या शेजारी एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता, नुकताच बदलून बाहेर आलेला, घामाने निथळत होता. समोरच्या संघाचा पाच नंबर आमच्यावर बास्केटमागून बास्केट करत होता. तो मुलगा म्हणाला, "दादा, हा येतोय कुठनं तेच कळंना." मी म्हटले, "त्यांचा गार्ड डावा हात वर करतो बघ. त्यानंतर पाच नंबर स्क्रीनच्या, म्हणजे वाट अडवून उभ्या असलेल्या त्यांच्या पोराच्या, मागून येतो. तू आधीच त्या बाजूला उभा राहा." तो पुन्हा आत गेला आणि लागोपाठ दोन बॉल अडवले. प्रशिक्षकांनी मागे वळून विचारले, "हे तुला कुणी सांगितलं?" त्याने माझ्याकडे बोट केले. पुढच्या टाइमआउटला प्रशिक्षकांनी खडूची पाटी माझ्या हातात दिली. तो सामना आम्ही जिंकलो, आणि मी त्यात एक मिनिटही खेळलो नव्हतो. येताना एसटीत झोप आली नाही. खंत नव्हती, आनंदच होता. सरांचा तो प्रश्न, आता बॉल कुणाकडं जाणार, इतक्या वर्षांनी मी दुसऱ्याला शिकवला होता.

दोन वर्षांनी बिनपगारी रजा काढून पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला आणि एका शाळेत सकाळचा संघ घेतला.

पहिल्या वर्षी मी फार मोठी चूक केली. नऊ प्रशिक्षकांकडून जे जे घेतले होते ते सगळे एका महिन्यात सातवीच्या मुलींच्या डोक्यात ओतले. पिक अँड रोल, झोन, प्रेस, बाहेरून बॉल आत घेण्याच्या तीन वेगळ्या चाली. पहिला सामना आम्ही ४१-९ असा हरलो. सामन्यानंतर त्यातली एक मुलगी रडत म्हणाली, "सर, मला कुठं पळायचं तेच समजत नाही." त्या दिवशी मी घरी जाऊन वहीची सगळी पाने फाडली. त्यानंतर वर्षभर तीनच गोष्टी शिकवल्या. थांबणे, वळणे, देणे.

थांबणे म्हणजे पळत येऊन दोन्ही पाय एकदम टेकून उभे राहणे. आमच्याकडे सिमेंटचे कोर्ट, त्यावर बारीक माती. पाय घसरतो, आणि घसरला की ट्रॅव्हलिंग. म्हणून मी खडूने जमिनीवर पावलांच्या जोड्या काढायचो, मुली त्यात उड्या मारायच्या, बॉलशिवाय. वळणे म्हणजे पिव्हट. एक पाय खिळ्यासारखा, दुसरा कंपासासारखा फिरता. देण्यासाठी शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर छातीच्या उंचीला गेरूने गोल काढले, रोज शंभर पास, पन्नास थेट, पन्नास टप्पा देऊन. आणि डाव्या हाताचा सराव करताना उजवा हात पाठीमागे धरायचा. यातले काहीही प्रेक्षकांना दिसत नाही. पण दुसऱ्या वर्षी त्याच संघासमोर आम्ही २६-२४ असे हरलो, आणि त्या हरण्याचा मला जितका आनंद झाला तितका मी स्वतः जिंकलेल्या कोणत्याच सामन्याचा झाला नव्हता.

बेंचचा नियम सरांचाच ठेवला. माझ्या बेंचवर प्रत्येक मूल सांगते, बॉल कुणाकडे जाणार.

२०१० मध्ये आणखी एक बदल आला. रिंगखालचा पूर्वीचा चौकोन समलंब होता, खाली सहा मीटर रुंद आणि वर ३.६० मीटर. तो आयताकृती झाला, ४.९० बाय ५.८०. तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ वर गेली. रंगवायला कोणी येणार नव्हते. मी आणि सहा मुलींनी दिवाळीच्या सुट्टीत ते काम केले. रिंगच्या मध्यातून ओळंबा सोडला, तिथे खिळा, त्याला सुतळी, सुतळीच्या टोकाला खडू. पहिल्यांदा सुतळी ताणली गेली आणि कमान वाकडी आली, मग विजेची तार घेतली. रेषेच्या बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्यायचे हे एका आठवीतल्या मुलीने नियमाचा कागद वाचून माझ्या लक्षात आणून दिले. ऑइल पेंटचे दोन डबे लागले. जुन्या समलंबावर करडा रंग मारला, तरी तो अजून अंधुक दिसतो. त्या मुलींना आजही मैदानावरचे प्रत्येक माप पाठ आहे. मी पाहिलेल्या काही मैदानांवर अजूनही जुन्याच रेषा आहेत, आणि तिथली मुले विभागीय स्पर्धेला गेली की पहिल्या डावात चुकीच्या जागेवरून बॉल मारतात.

आता तालमीबद्दल. आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगावे लागू नये. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तालमीत वस्ताद असतो. तो बारा महिने असतो. माती ओली कधी करायची, कोणत्या पोराचा खांदा दुखतोय, कोण घरातून न जेवता आलाय, हे तो बघतो. आणि त्याला कोणी विचारत नाही की, तुम्ही कितीदा गदा आणली होती. पोरे घडवतो ना, मग तो वस्ताद. आमच्या माय-बापांनी ही रीत मातीत उभी केली. ती सिमेंटच्या मैदानावर का येत नाही, हा माझा प्रश्न आहे.

परदेशातही हेच दिसते. ज्यांनी १८९१ साली हा खेळ शोधला ते जेम्स नैस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठाचे प्रशिक्षक झाले, तर त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० हरले. खेळाचा जनक असणे वेगळे आणि प्रशिक्षक असणे वेगळे. याउलट एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला स्टीव्ह कर बघा. १९८८ च्या खेळाडू-निवडीत पन्नासावा क्रमांक, सहा संघ, बहुतेक सामने राखीव म्हणून. पण १९९७ च्या अंतिम सामन्यात मायकेल जॉर्डनने शेवटचा बॉल त्याच्याकडे दिला आणि त्याने तो घातला, कारण त्याला कुठे उभे राहायचे ते नेमके माहीत होते. तोच पुढे गोल्डन स्टेट या संघाचा प्रशिक्षक होऊन चार अजिंक्यपदे मिळवतो. ईश स्मिथ नावाचा सहा फुटी गार्ड एनबीएतल्या तेरा संघांकडून खेळला, तो तिथला विक्रम आहे. मी त्यांच्याशी तुलना करत नाही, ती होऊच शकत नाही. पण ही बातमी वाचली तेव्हा मला त्याच्या तेरा बॅगा भरणे डोळ्यांपुढे आले, आणि दर नव्या शहरात पहिल्या दिवशी फळ्याकडे बघत बसलेला तो माणूस.

आपल्या देशाचा पुरुष संघ ऑलिंपिकला एकदाच खेळला, १९८० ला मॉस्कोत. २०१५ मध्ये पंजाबचा सतनाम सिंग ५२ व्या क्रमांकावर एनबीएसाठी निवडला गेला, तेव्हा आमच्या मैदानावर पेढे वाटले होते. तो अमेरिकेला जाण्याआधी लुधियानाच्या अकादमीत घडला, जिथे मुले वर्षभर राहून शिकतात. आमच्याकडचे वर्ष कसे असते ते सांगतो.

जूनमध्ये शाळा सुरू होते. जुलै-ऑगस्टचा साताऱ्यातला पाऊस, सिमेंटवर शेवाळ. मुले तारेच्या ब्रशने ते घासतात, मी ब्लिचिंग पावडर टाकतो, चार दिवसांनी पुन्हा तेच. ऑगस्टमध्ये प्रशिक्षक नेमतात, मानधन तीन महिन्यांचे. तालुका, जिल्हा, विभाग असे सामने होतात. हरले की त्या दिवसापासून, जिंकले तर नोव्हेंबरअखेर सराव बंद. बॉल कपाटात जातात, कपाटाला कुलूप लागते, चावी कार्यालयात. दहावीच्या मुलांचे क्रीडागुणांचे फॉर्म भरले की विषय मिटतो. एका ठिकाणी तर जानेवारीत कार्यक्रमाच्या मांडवासाठी कोर्टात पहारीने खड्डे पाडले. ते खड्डे मी आणि मुलांनी सिमेंटने बुजवले, पण तिथे बॉल अजून वाकडा उसळतो. त्या ठिकाणचे माझे दोन हंगामांचे मानधनही राहिले आहे. ते मी सोडून दिले आहे, खड्डे सोडवत नाहीत.

हिशेब करून बघा. बाराव्या वर्षापासून सतराव्या वर्षापर्यंत पाच वर्षे, म्हणजे साठ महिने. दर वर्षी तीन महिने धरले तर पंधरा महिने प्रशिक्षक, पंचेचाळीस महिने कुलूप. जूनमध्ये मूल परत येते तेव्हा त्याची उंची तीन इंच वाढलेली असते, आणि मागच्या वर्षी शिकलेले थांबणे त्या नव्या पायांना येत नाही. पुन्हा खडूच्या पावलांपासून सुरुवात.

आपल्या शहरात आणि तालुक्यांत माझ्यासारखे निदान पंधरा-वीस माजी खेळाडू मी स्वतः ओळखतो. कोणी रिक्षा चालवतो, कोणी बँकेत आहे, एकजण मेढा रोडला हार्डवेअरचे दुकान चालवतो. विद्यापीठ खेळलेले, कंपन्या खेळलेले, गेस्ट म्हणून महाराष्ट्र पालथा घातलेले. ज्यांना पदके मिळाली त्यांना पाच टक्के आरक्षणातून नोकऱ्या लागल्या, चांगलेच झाले. पण बेंचवर बसून ज्यांनी सगळा खेळ पाहिला ते मोकळे आहेत. त्यांना कोणी बोलावत नाही, कारण त्यांच्या नावापुढे लिहायला काही नाही.

सहा शाळांनी मिळून महिन्याला अडीच-अडीच हजार काढले तरी एका माणसाला पंधरा हजार देता येतील, बारा महिने. दोन मैदाने ठरवावीत, एका दिवशी तीन शाळा इकडे, दुसऱ्या दिवशी तीन तिकडे. मोठ्या स्पर्धा भरवायला, मांडवाला, फ्लेक्सला यापेक्षा जास्त खर्च होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी माझ्यासाठी मागत नाही. गुडघा आता साथ देत नाही आणि पतसंस्थेची नोकरी आहे.

मी मागतोय ते एका मुलीसाठी. ४१-९ च्या सामन्यानंतर रडलेली ती मुलगी. ती पुढे विद्यापीठ खेळली, दोन क्लब खेळली, राज्याच्या शिबिरात जाऊन परत आली, अगदी माझ्यासारखी. "काळी पडशील, लग्न कसं जमायचं," हे ऐकत ऐकत खेळली. आज ती जिल्ह्यातल्या एका शाळेत मुलामुलींना शिकवते. ऑगस्टमध्ये तिचा पहिला सामना होता, हाफटाइमला मला फोन आला. "सर, सात जण बेंचवर आहेत, नुसती बुटांच्या नाड्या बांधत बसलीत. काय करू?" मी म्हटले, "तुला माहीत आहे." ती क्षणभर गप्प राहिली आणि मग फोन चालू ठेवूनच तिने मुलांना विचारलेले मला ऐकू आले, "ए, इकडं बघा. आता बॉल कुणाकडं जाणार?"

तिची मुदत ३० नोव्हेंबरला संपते. तिने शाळेला अर्ज दिला आहे की मानधन नको, पण मैदान आणि बॉल द्या, मी सकाळी सहा ते साडेसात येत जाईन. अर्जावर अजून काही उत्तर नाही. बॉलचे कपाट कार्यालयाच्या शेजारच्या खोलीत आहे आणि चावी कार्यालयात असते, कार्यालय अकराला उघडते.

संपादक महोदय, आपल्या पानावरच्या 'मार्गदर्शन लाभले' या ओळीत पुढच्या वेळी एवढेच वाढवावे की मार्गदर्शन किती महिने लाभले. आणि जमल्यास १ डिसेंबरला सकाळी सहा वाजता आपला वार्ताहर पाठवावा. ठिकाण मी फोनवर कळवीन. थंडी असते, स्वेटर घालून यायला सांगावे. मुले आलेली असतील, ती येतातच. बॉल कपाटाबाहेर आहे की आत, तेवढे त्याने लिहून छापावे.

आपला,
एक जुना खेळाडू
सदर बझार, सातारा

(नाव छापू नये ही विनंती. नावावरून शाळा ओळखू येईल आणि त्या मुलीचा अर्ज अजून त्यांच्याकडे आहे.)